थर चिकटवून केलेलं कार्डपेपरचं ग्लायडर: हाताने सोडलं तर सरळ जातं, रबराने सोडलं की डावीकडे कोसळतं

सांजवारा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहिते.

दोन महिने झाले, मी कार्डपेपरची ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारी विमानं, करतेय. घड्या घालून करतात ते विमान नव्हे. भाग वेगवेगळे कापायचे, थरावर थर चिकटवायचे आणि मग जोडायचे, त्यातलं. धडाला सहा थर. पंख एकाच अखंड तुकड्याचा, मधोमध घडी घालून दोन्ही बाजू थोड्या वर उचललेल्या. पंखाच्या पोटाला मुळापासून अर्ध्यापर्यंत दुसरा थर. कागद 200 जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 18 सेंटीमीटर, मुळाशी रुंदी 5, टोकाला 3. धड 17 सेंटीमीटर. डिंक पांढरा, लाकडाला लावतात तो. सगळं झाल्यावर वजन 5 ग्रॅमच्या आसपास भरतं.

अशी चार केली. चारही खांद्याच्या उंचीवरून हाताने हलकेच सोडली की सात-आठ मीटर इतकी छान तरंगत जातात की बघत राहावं. पण काडीला बांधलेल्या रबराने ताणून सोडलं, की वर चढता चढता डाव्या अंगावर कलंडतात आणि फिरत फिरत जमिनीवर नाक आपटतात. चौथ्याचं नाक तर पार चेपलं. दोघांची धडंही वाकली आहेत. काचेवर आडवं ठेवलं तर मधे दोन मिलिमीटर फट दिसते, केळ्यासारखं.

करून बघितलेले उपाय: उभी शेपटी किंचित उजवीकडे वळवली. मग हाताने सोडल्यावर उजवीकडे जायला लागलं आणि रबराने सोडल्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाकात वजन वाढवलं, फरक शून्य. उजव्या पंखाच्या टोकाला कागदाची चिकटपट्टी लावली. तेव्हा हाताने सोडलेलं बिघडलं आणि रबराने सोडलेलं होतं तसंच राहिलं.

प्रत्येक उड्डाण वहीत लिहून ठेवलंय, पाहिजे तर इथे टंकते. मला एवढंच कळायला हवंय की दोष उडवण्यात आहे की बांधणीत. माझा अकरा वर्षांचा भाचा घड्याळ घेऊन उभा राहतो आणि दर वेळी "दोन सेकंद" असं सांगतो. त्याला मोठा आकडा सांगायला मिळावा असं फार वाटतं.

घारपंखी

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. चिकटपट्टीची नोंद पुन्हा वाचा.

एक पंख वजनाने जड असेल तर त्याचा ओढा कुठल्याही वेगाला तेवढाच राहतो. हवेचा जोर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वजनातला फरक सावकाश उडताना जास्त जाणवतो आणि वेगात झाकला जातो. पंखाला पीळ असेल तर नेमकं उलट. सावकाश उडताना तो कळतही नाही. रबराने वेग तिप्पट झाला की त्या पिळाचा परिणाम नऊपट होतो आणि विमान उलटं पडतं. तुमचं हाताने सरळ जातं, रबराने पडतं. म्हणजे पीळ. वजन लावून पीळ झाकायला गेलात म्हणून हाताने सोडलेलंही बिघडलं. ती पट्टी काढून टाका. शेपटीही पहिल्यासारखी सरळ करा, एका चुकीवर दुसरी चूक बसवली की दोन्ही सापडत नाहीत.

आता विमान हातभर लांब धरा, शेपटी तुमच्याकडे, नाक समोर, एक डोळा मिटा. विमान हळूहळू पुढे-मागे कलतं करा. दोन्ही पंख एकाच क्षणी "कडेवर" यायला हवेत, म्हणजे नुसती एक रेघ दिसायला हवी. एक पंख रेघ झालेला असताना दुसऱ्याचा वरचा भाग किंवा पोट दिसत असेल, तर तिथे पीळ आहे. डाव्या पंखाची मागची कड वर उचललेली असेल असा माझा अंदाज. तसं असेल तर त्या पंखाची उचल कमी पडते आणि विमान डावीकडे कलंडतं.

बघून सांगा.

सांजवारा

बघितलं. तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर! चारपैकी तिघांत डाव्या पंखाची मागची कड वर आहे. मुळाशी नाही आणि टोकालाही फारशी नाही. पोटाखालचा दुसरा थर जिथे संपतो, तिथेच सगळ्यात जास्त.

मी वाफ देऊन, बोटांनी हलकेच उलटा पीळ देऊन सरळ केला. दुपारी अगदी सपाट होता. संध्याकाळी रबराने दोनदा सोडलं, दोन्ही वेळा सरळ वर गेलं, मला रडूच यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पीळ परत होता तिथे. पुन्हा सरळ केला, पुन्हा आला. कागद ऐकत का नाही?

शिवणबांधणी

ताई, मला विमानातलं काही कळत नाही. मी एकतीस वर्षं पुस्तकबांधणी केली, त्यामुळे कागदाबद्दल सांगतो.

कागद ऐकत नाही, कारण तुम्ही त्याला दोन दिशांना ओढून बसवलंय. यंत्रावर कागद तयार होताना लगदा पुढे सरकत असतो, त्यामुळे बरेचसे तंतू त्याच दिशेला लोळतात. याला आम्ही ग्रेन म्हणतो. ग्रेनच्या दिशेने कार्ड ताठ असतं, आडव्या दिशेने साधारण निम्मं. आणि ओल लागली की तंतू लांबीला जवळजवळ वाढतच नाहीत, जाडीला फुगतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडवा कित्येक पट जास्त पसरतो आणि सुकताना तितकाच आकसतो. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतरच लागतो. चुकून आडवा गेला की पानं लाटेसारखी वळतात आणि पुस्तक उघडं राहत नाही. सुरुवातीला एका पूर्ण गठ्ठ्यात मी ही चूक केली होती. शंभर प्रती दाबाखाली आठवडाभर ठेवल्या, तरी वळलेल्या त्या वळलेल्याच राहिल्या. अजून डोळ्यासमोर आहेत.

पांढऱ्या डिंकात पाणी असतं. दोन थर एकमेकांना चिकटवले, एकाचा ग्रेन उभा आणि दुसऱ्याचा आडवा, तर सुकताना एक या दिशेला आकसणार, दुसरा त्या दिशेला. दोघांच्या ओढाताणीत कार्ड वळतं. तुमचा पंख टोकाकडे निमुळता आहे, त्यामुळे ते वळण पिळासारखं दिसत असेल. वाफेने तुम्ही ते तात्पुरतं सैल करता. हवेतला ओलावा बदलला की ते परत येतं.

आता सांगा, पोटाखालचे थर कापताना ग्रेन बघितला होता का?

ग्रेन ओळखायला त्याच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक सेंटीमीटर रुंद, बारा लांब. एक कागदाच्या लांबीने, एक रुंदीने. पेन्सिलीने खूण करा. एकीवर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. खालची पट्टी वरचीपासून सुटून लोंबली, तर ती आडव्या ग्रेनची. दोघी चिकटून राहिल्या तर उलटून पुन्हा बघा. किंवा छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. त्याची सुरळी होईल. सुरळी ज्या दिशेने लांब, तोच ग्रेन.

सांजवारा

दादा, ग्रेन हा शब्दच मी आज पहिल्यांदा ऐकला. तुमचं वाचलं आणि सरळ उठून रद्दीच्या पिशवीतून कापून उरलेले कागद काढले. मी काही फेकत नाही, म्हणून सापडले.

पट्ट्या करून ग्रेन बघितला. कागदाच्या लांबीला समांतर आहे. मग भाग ज्या भोकांतून निघाले, ती भोकं असलेले कागद टेबलावर पसरले आणि मोडलेल्या चौथ्या विमानाचे आराखडे त्यांवर ठेवून कुठला भाग कुठून निघाला ते जुळवत बसले. तासभर लागला. जे दिसलं ते असं:

पंख कागदाच्या लांबीने कापलेला. म्हणजे ग्रेन या टोकापासून त्या टोकाकडे. नकळत का होईना, बरोबर.

पोटाखालच्या उजव्या थराचा ग्रेनही तसाच. डाव्या थराला मात्र त्या कागदावर जागा उरली नव्हती, म्हणून तो कोपऱ्यातल्या उरलेल्या तुकड्यातून आडवा काढला. तिथे भोक आहे आणि शेजारी माझ्याच अक्षरात "डावा" लिहिलंय. पहिल्या विमानापासून मी तोच आराखडा गिरवत आले, म्हणून तिघांत तोच दोष. दुसऱ्या विमानाला कागद नवा घेतला होता, त्यात जागा होती. तेवढ्या एकातच पीळ नाही! त्याचं रबराने कलंडणं उभ्या शेपटीमुळे होतं, आता नीट बघितल्यावर तीही वाकडी दिसली.

धडाचंही तेच. सहा थरांपैकी चार लांबीने, दोन आडवे, आणि ते दोन्ही आडवे एकाच बाजूला आले होते. केळं कुठून आलं ते कळलं.

कागद वाचवायचा म्हणून मी भाग असे कोपऱ्याकोपऱ्यांत बसवत होते. ती सवय आईकडून, शिवणाचं कापड बेतताना तीही चिंधी वाया जाऊ देत नसे. पण कापड बेतताना ती उभा-आडवा धागा बघूनच कात्री लावायची. ते मी तिच्या शेजारी बसून शेकडो वेळा पाहिलंय, आणि कागदाच्या वेळी मला ते आठवलं नाही.

शिवणबांधणी

कापडाची उपमा अगदी योग्य. आईंचं बरोबरच होतं.

आणखी एक. कार्डाच्या दोन बाजू सारख्या नसतात. सुटं कार्ड हातात धरलं तर ते एका बाजूला किंचित वळलेलं असतं. दोन थर चिकटवताना ती दोन वळणं एकमेकांसमोर येतील असे ठेवा, म्हणजे एकमेकांना मारतात.

डिंक ब्रशने नका लावू. जुन्या कार्डाच्या तुकड्याने ओढून पातळ थर द्या, इतका पातळ की कागद ओला दिसता कामा नये. चिकटवलं की दोन काचांमध्ये ठेवा, वर वजन, आणि चोवीस तास हात लावू नका. वरून कोरडं वाटतं, आत ओल असते. बहुतेक जण दोन तासांत काढतात आणि मग वाकलं म्हणतात.

रेघोटी

धडासाठी पाण्याचा डिंक वापरायचाच कशाला? विमानांचे नमुने करणारे ट्यूबमधला, जलद सुकणारा, पाणी नसलेला डिंक वापरतात, त्याला सिमेंट म्हणतात. पाणी नाही तर फुगणं नाही. मी तेच वापरतो, दहा-पंधरा मिनिटांत पुढचा थर. वास उग्र असतो, खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको, एवढंच.

थर चिकटवण्याचं महत्त्व मात्र सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो. कार्डाचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तीन थर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा तिप्पट. तेच घट्ट चिकटवून एकजीव केले तर सत्तावीसपट, आणि वजन तिप्पटच. सहा थरांचं 216 पट होतं. पण मधे कुठे चिकटायचं राहिलं, हवेचा फुगा राहिला, की तेवढ्या जागी हे सगळं गेलं. नाक चेपलं म्हणालात ना, चेपल्या जागी थर सुटलेत का बघा.

शिवणबांधणी

सिमेंट जलद आहे हे खरं. पण थर सरकवून कडा जुळवायला वेळ मिळत नाही. नवख्या हाताला पांढरा डिंक बरा, असं माझं मत. ग्रेन बरोबर असेल आणि दाब नीट असेल तर पाणी काही बिघडवत नाही. आमचं आयुष्य पाण्याच्या डिंकावरच गेलं.

सांजवारा

नाक चिमट्याने उकललं. तिसरा आणि चौथा थर पुढच्या दोन सेंटीमीटरमध्ये चिकटलेच नव्हते, आतला कागद कोरा, डिंकाचा डागसुद्धा नाही. मी मधे डिंक घालून कडेकडे पसरेल असं धरलं होतं.

पाचवं करायला घेते. डिंक पांढराच, दादांच्या पद्धतीने. उडवण्याबद्दल घारपंखींनी काही सांगावं अशी विनंती. चढताना पंख फडफडतात तेही विचारायचं राहिलं होतं.

घारपंखी

फडफड आधी. विमान सरळ तरंगतं तेव्हा पंख 5 ग्रॅम पेलतात. रबराने तिप्पट वेग मिळाला की त्याच पंखांवर 45 ग्रॅमपर्यंत जोर येऊ शकतो. सपाट कार्ड तिथे हार मानतं. त्याला बाक द्या. इंचटेपचं पातं बाहेर काढलं की हातभर ताठ उभं राहतं ना, ते त्याच्या बाकामुळे. सपाट असतं तर लगेच लोंबलं असतं. पंखाचंही तसंच. पंख गोल पेन्सिलीवर हलकेच ओढून रुंदीच्या 3 ते 4 टक्के बाक आणा. म्हणजे 5 सेंटीमीटर रुंदीला दीड-दोन मिलिमीटर, बस्स. सर्वांत उंच भाग पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ग्रेन टोकाकडून टोकाकडे असला की असा बाक सहज बसतो, आणि पंख उचल देतोही जास्त. एवढ्या छोट्या, सावकाश उडणाऱ्या पंखाला जाड आकारापेक्षा पातळ आणि बाकदारच मानवतो.

पोटाचा दुसरा थर अर्ध्यापर्यंत न ठेवता साधारण दोन तृतीयांशापर्यंत न्या आणि त्याचं टोक सरळ न कापता निमुळतं करा. सरळ संपला की ताठपणा तिथे एकदम तुटतो आणि पंख तिथेच वाकतो.

तोल: सरासरी रुंदी 4 सेंटीमीटर धरा. पुढच्या कडेपासून तिचा एक तृतीयांश, म्हणजे 13 मिलिमीटरच्या आसपास, दोन बोटांवर तोलून बघा. तिथून सुरुवात. नाकातलं वजन कमी-जास्त करून तिथे आणा. 1804 साली जॉर्ज केली यांनी ग्लायडरचा नमुना केला, त्याला पंख म्हणून काठीवर चक्क कागदी पतंग बसवला होता, मागे हलवता येणारी शेपटी आणि तोलासाठी पुढे-मागे सरकवता येणारं वजन. दोनशेहून जास्त वर्षं झाली, आपण अजून त्याच दोन गोष्टी हलवतोय.

मग हाताने सोडा. नाक वर करून थबकत, लाटा खात जात असेल तर नाकात थोडं वजन, किंवा आडव्या शेपटीची मागची कड केसभर खाली. नाक खाली घालून झपकन उतरत असेल तर कड केसभर वर. "केसभर" अक्षरशः घ्या. अर्धा मिलिमीटर या आकाराला फार होतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

हाताने नीट जायला लागलं की रबराने सोडाल तेव्हा ते गोल कोलांटी मारायला बघेल. तो दोष नव्हे. सावकाश तरंगण्यासाठी जुळवलेलं विमान वेगात गेलं की जास्तीची उचल त्याला मागे वळवते. म्हणून सोडतानाच विमान उजवीकडे तीस-चाळीस अंश कलतं धरा आणि नाक थोडं वर. कोलांटीची जागा मग उजवीकडे वळत चढणारी मोठी वळणदार चढण घेते. वर पोचल्यावर सावकाश डावीकडे घिरट्या घालत यावं म्हणून उभ्या शेपटीची मागची कड अगदी किंचित डावीकडे. हे डावखुऱ्यांनी उलट करायचं.

रबर सुरुवातीला अर्धंच ताणा. आणि नाक गोल घासून घ्या, पुढे कुणी उभं राहू देऊ नका. भाच्यालाही मागेच उभं करा. सहा थरांचं नाक डोळ्याला लागलं तर परिणाम वाईट होतो.

जपानचे यासुआकी निनोमिया अशीच थरांची विमानं करायचे. 1967 च्या आंतरराष्ट्रीय कागदी विमान स्पर्धेत त्यांना मोठं यश मिळालं होतं. त्यांच्या विमानांचे पंख कधी बघायला मिळाले तर कडेने बघा, बाक लक्षात येईल.

सांजवारा

दहा दिवसांनी लिहितेय.

पाचव्यासाठी नवा कागद घेतला आणि कापण्याआधी प्रत्येक कागदावर पेन्सिलीने ग्रेनचा बाण काढला. आराखड्याच्या प्रत्येक भागावरही बाण. बाणाला बाण जुळला तरच कटर. दीड कागद जास्त लागला.

धडाचे सहा थर एका दिवसात दोनच चिकटवले, दोन काचांमध्ये, वर जाड शब्दकोश. चौथ्या दिवशी काच उचलली आणि धड टेबलावर ठेवलं. खाली कागदाची पट्टीसुद्धा जात नव्हती. मी ते उलटून दुसऱ्या बाजूनेही ठेवून बघितलं. मग पुन्हा उलटलं. कडेला घासकागद फिरवला तेव्हा सहा थरांच्या सहा रेघा एका ओळीत दिसत होत्या, मधे कुठेही काळी फट नाही. त्या कडेवरून नख फिरवलं तर आता कागदासारखा आवाज येत नाही, पातळ लाकडासारखा येतो.

पंखाला बाक देताना पहिल्यांदा जास्त झाला, दुसरा पंख कापावा लागला. तोल 13 वर आणला. वजन 5.2 ग्रॅम.

हाताने: लाटा खात होतं. शेपटीची कड दोनदा खाली केली, तिसऱ्या वेळी सरळ.

रबराने, अर्धं ताणून, उजवीकडे कलतं धरून: वर गेलं, उजवीकडे मोठं वळण घेतलं, वर क्षणभर थबकलं आणि डावीकडे वळून घिरट्या घालत उतरलं. 9 सेकंद. भाच्याने आकडा दोनदा सांगितला. पूर्ण ताणून सहा वेळा सोडलं: 11, 12, 6, 13, 14, 12. मधलं 6 माझ्या हाताने झालं, कलतं धरायला विसरले आणि त्याने खरंच कोलांटी मारली, अगदी घारपंखींनी लिहिलं होतं तशी. पंख फडफडले नाहीत.

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवणबांधणी दादा, दोन रात्री पंख बाहेर राहिला, सकाळी एक डोळा मिटून बघितला, दोन्ही बाजू एकदमच रेघ झाल्या.

एक विचारायचं राहिलं. वर पोचल्यावर जे थबकतं, तिथे ते जवळजवळ दोन मीटर उंची गमावतं. वळण बदलायच्या आत नाक खाली येतं. हे शेपटीच्या कडेने सुधारायचं की तोल थोडा मागे, 15 पर्यंत, न्यायचा?

घारपंखी

तोल मागे न्या, पण मिलिमीटर-मिलिमीटरनेच. 14 वर आणा, शेपटीची कड त्या मानाने आणखी केसभर खाली करा आणि हाताने पुन्हा सुरुवातीपासून बघा. हाताने सोडल्यावर नाक खाली गेलं की ते वर यायलाच मागत नाही असं झालं, तर फार मागे गेलात, एक पाऊल परत या. शेपटीची मागची कड जितकी कमी वर उचललेली, तितकी वेगातली कोलांटीची ओढ कमी आणि वरचं थबकणंही कमी.

आकडे वहीत लिहाल तेव्हा त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी तेही लिहीत जा.